पहिलं माझ्या मशीनवर

गडचिरोलीच्या बस स्टँडमागे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी प्रोग्रामिंग शिकवायची. क्लासचे मालक म्हणजे आमचे सर. त्यांना जुन्याचा भारी तिटकारा. आम्ही शिकवायचो त्या भाषेचं नवं व्हर्जन आलं की ते इंटरनेटवरून आपोआप उतरून बसेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. तिची फुशारकी समोरच्या चहावाल्यालाही पाठ झाली होती. मात्र नवं व्हर्जन आधी एकाच मशीनवर यायचं. तिथं सगळं सुरळीत चाललं, तरच बाकीच्यांवर.

ते एक मशीन माझं होतं. क्लासमध्ये सगळ्यात नवं माझ्याकडे, म्हणून मी हवेत असायची. मार्कंड्याजवळच्या गावात जाळं विणता विणता बापानं हे चारचौघांना सांगितलंही होतं.

मग सरांनी आम्हा दोघांपैकी एकाला कायम करायचं ठरवलं. दुसरा मास्तर होता, त्याला प्रोग्राम लिहिण्यापेक्षा सरांची गाडी पुसणं छान जमायचं. नोकरी गेली तर मला गावी जाऊन भावजयीच्या टोमण्यांवर जेवायचं होतं. पालकांसमोर दोघांनी आपापला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. कोणत्या तलावात कोणती मासोळी कधी सोडली हे सांगणारा प्रोग्राम मी खपून लिहिला. तोवर अपग्रेड बंद ठेवा, असंही सरांना सांगितलं. ते "पाहू" म्हणाले.

आदल्या संध्याकाळी प्रोग्राम चालला. सकाळी नवं व्हर्जन येऊन बसलं होतं आणि मी वापरलेल्या जुन्या कमांड त्यातून काढून टाकल्या होत्या. सगळ्यांसमोर बटण दाबलं, तर स्क्रीनभर एररच्या ओळी. आधी सर हसले, मग त्यांचं पाहून पालक.

"दहा मिनिटं द्या सर. काय बदललं ते मले समजलं."

"राहू द्या मॅडम. मेल्या तुमच्या मासोळ्या."

लोक पुन्हा हसले. मास्तराचा प्रोग्राम त्याच्या जुन्या व्हर्जनवर निमूट चालला आणि नोकरी त्याला मिळाली.

सगळे गेल्यावर मी सरांना विचारलं, "दरवेळी पहिलं माझ्याच मशीनवर काऊन टाकता?"

"कोणाचं तरी मशीन बिघडनारच ना," सर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत म्हणाले. "जिच्यावाचून क्लास अडत नाई, तिचंच घ्या लागते."

"पहिलेपासून?"

"मंग काय? पहिल्या दिवसापासून." त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. "उद्या येऊन पोरायचे प्रोग्राम नव्या व्हर्जनसाठी दुरुस्त करून जा. मास्तरले नाई जमनार ते."

त्या माणसाचं तोंड पाहायची इच्छा नव्हती. राहिलेला पगार त्याच्याच हातात होता, म्हणून गेले. दिवसभर मान खाली घालून सगळं दुरुस्त करून दिलं. निघताना सरांनी मला परत खुर्चीवर बसवलं, काय काय बदललं ते मास्तरला शिकवून जा म्हणून.