पिलगचा तिसरा पाय

कुलरच्या ओल्या गवताचा वास आला की मला अजून बी ती दुपार आठवते. सेनगावात नवा कुलर आनला, पन पिलगचा अर्थिंगचा तिसरा पाय आमच्या जुन्या बोर्डात बसंना. बायको म्हनली, “सरकारी नियमानंच दिला असंल ना?” म्या म्हनलं, “नियम काय हवा देतो का?” अन् करवतीनं पायच कापला. दुपारी ती अनवानी पानी टाकून राहिली होती, तं हात कुलरच्या पत्र्याला चिटकला. तोंडातून आवाज निघंना, नुसती माझ्याकडं पाहून राहिली. अन् मी भेकड, लाकडी पलंगावर चढलो! तिथून कसंतरी बटन बंद केलं. ती खाली पडली. उठून बसली अन् म्हनली, “पलंगावर काहून चढले हो तुमी?” आता बोर्ड, अर्थिंग, समदं नियमानं हाय. तरी ती पानी टाकाय गेली की मी बटनावर बोट ठिवून उभा राहतो.