परक्या मुलखातली भवानी

जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव आत्या कधी विचारत नसे. रत्नागिरीच्या बाजारात साड्यांच्या दुकानासमोर ती पाव पाव तास उभी राही, सूत, काठ, रंग सगळं नजरेनेच तपासून घेई आणि चकार शब्द न काढता पुढे जाई. मी हसलो की म्हणे, "भाव ठरवला म्हंजे माल घेतलाच. मग पाय मागं घ्यायचा नाय."

चाळीस वर्षं ती मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकत होती. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, चांगली झाली की पुढचा दिवस आपोआप चांगला जातो, असं तिचं पक्कं मत. पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून ती पडत्या भावात बांगडे देऊन टाकी आणि ती नोट पाटीवरून फिरवून कपाळाला लावी. भाव ठरवून गिऱ्हाईक तसंच निघून गेलं, तर त्या दिवशी तिच्या वाटेला आम्हीही जात नसू.

आईवडिलांच्या मागे तिनेच मला वाढवलं. म्हणून नोकरीत जरा स्थिरावल्यावर मी तिला एका सहलीबरोबर थायलंडला नेलं. देवळं आणि राजवाडे तिने माझं मन राखायला पाहिले. जीव रमला तो फुटपाथवरच्या बायकांत. पहिल्याच सकाळी एका फळवालीने पहिल्या गिऱ्हाइकाची नोट सगळ्या फळांवर थापटली, तेव्हा आत्याने माझा दंड घट्ट धरला. "बघ, हिचीपण भवानी असते." तिथून पुढे तिला परदेश परका वाटला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी हॉटेलजवळच्या देवळामागे एक म्हातारी नुकतीच चटई पसरत होती. विणलेल्या, झाकणाच्या करंड्या होत्या. आत्याने एक उलटी करून वीण पाहिली आणि चक्क भाव विचारला. एक मराठीत, एक थाईत, बोटं नाचवत दोघींचा सौदा छान रंगला. म्हातारीने अखेर मान डोलावली आणि करंडी कागदात गुंडाळायला घेतली. तेवढ्यात आमच्या बसचा हॉर्न वाजला. पाकीट माझ्या खिशात होतं. पुढच्या बाजारात स्वस्त मिळेल म्हणत मी आत्याला कोपराला धरून ओढत नेलं.

बसमध्ये चढताच तिने कोपर सोडवून घेतलं. मग म्हणाली, "तिची भवानी मोडलीस तू. भाव माझ्या तोंडानं ठरलेला."

दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजले, खाली उतरणं शक्य नव्हतं. दुसरं कुणी पोचायच्या आत म्हातारीकडे जाऊन ती करंडी घे, असं बजावून तिने मला सकाळीच पिटाळलं. बाहेर उकाडा होता आणि मला कंटाळा आला होता. दुसरं कारण काही नाही. मी हॉटेलच्या दुकानातून तशीच एक करंडी घेतली, कॉफी प्यायलो आणि वर गेलो.

"होती ती?" आत्याने विचारलं.

"होती."

"नोट मालावरनं फिरवलीन?"

"फिरवली."

आत्याने डोळे मिटून हात जोडले आणि मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी नोकरीला लागलो तेव्हाही तिने माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.

गेल्या वर्षी आत्या गेली. दिवसकार्य उरकल्यावर मी जेटीवर मासे आणायला गेलो, तर तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने मला हाक मारून जवळ बोलावलं. "पयली नोट तुझ्या हातची दे. परक्या मुलखात त्या म्हातारीची भवानी करायला उलटा गेलेलास ना. आत्या सगळ्यांना सांगायची तुझी ही गोष्ट."

तिने माझी नोट पाटीवरून फिरवली, कपाळाला लावली. हल्ली मी दिसलो की दोघी-तिघी तरी थांबवतात. खरं सांगून टाकावं असं दर वेळी ओठांवर येतं. पण चाळीस वर्षं त्या जेटीवर आत्याचा शब्द कुणी खोटा म्हटला नाही. तो मी खोटा करून ठेवलाय, आणि पिशवीत बांगडे घेऊन मी गुपचूप घरी येतो.