हळदकुंकू लावलेलं रजेचं कार्ड

माझा नवरा फौजेत नायक होता, म्हणजे बाहीवर दोन फिती. तिसरी लागली की हवालदार. ती तिसरी फीत आमच्या घरात नऊ वर्षं अडकून बसली होती, आणि ती कशी अडकली हे सांगायचं तर माझ्या बाळंतपणापासून सुरुवात करावी लागते.

पहिलं बाळंतपण माहेरी, दिंद्रुडला. मालक सुट्टी काढून आले. आमच्याकडं बाया नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी माझी चालते ही गोष्ट वेगळी. सुट्टी संपत आली तरी बाळाचा पत्ता नाही. शेवटी उद्या निघायचं म्हणून त्यांनी ट्रंक भरली आणि त्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या. पोरगी झाली. मी मात्र अशी आजारी पडले की आईनं देव पाण्यात घातले. मालकांनी ठरवलं, पंधरा दिवस रजा वाढवून मागायची. त्यांनी तारेचा मजकूर इंग्रजीत एका कागदावर लिहिला आणि माझ्या सासऱ्यांच्या हातात दिला. सासरे नातीचं तोंड बघायला आले होते आणि वडवणीवरून गावी परत जाणार होते. वडवणीला उतरून तेवढी तार करायची, एवढंच काम.

सासऱ्यांचं गावात किराणा दुकान. गरीब स्वभाव, सगळ्यांशी गोड, हिशोबाला पक्के आणि शकुनाला त्याहून पक्के. आता आमच्याकडं तेव्हा तार म्हणजे मयताची खबर. तारवाला गल्लीत शिरला की कागद फोडायच्या आधीच बाया हंबरडा फोडायच्या. सासरे वडवणीच्या तारेच्या खिडकीसमोर उभे राहिले आणि त्यांचा हातच पुढं होईना. घरात पहिली नात जन्मलीय आणि आपण आपल्या हातानं तार करायची? मग त्यांनी काय केलं, एक साधं पोस्टकार्ड घेतलं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि दुकानातल्या त्या सुबक अक्षरात पलटणीच्या मोठ्या साहेबाला लिहिलं, की कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आमचे घरी कन्यारत्न झाले असून सूनबाईंची तब्येत नाजूक आहे, तरी चिरंजीवांस पंधरा दिवस जास्त ठेवून घेत आहोत, राग नसावा. खाली आणखी एक ओळ होती. बारशाला सहकुटुंब येणे करावे.

बारशाला सासरे परत आले तेव्हा मालकांनी त्यांना विचारलं, कळवलं ना आप्पा? आप्पा म्हणाले, कळवलं. उलट उत्तर काही आलं नव्हतं, पण मालक धरून चालले की रजा मंजूर. उत्तर नाही म्हणजे रजा नाही, हा फौजेतला कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. ही चूक त्यांची, आणि मी ती त्यांच्या तोंडावर आजपण सांगते.

पलटणीत पोचले ते सरळ कोठडीत. चौदा दिवस. शिवाय नोकरीच्या कागदावर लाल शाईत नोंद. ते कार्ड फिरत फिरत पोचलं तेव्हा मालक कोठडीतच होते. आपल्याकडच्याच एका कारकुनानं ते वाचून साहेबाला अर्थ सांगितला. साहेब हसले म्हणे. पण हसण्यानं शाई पुसली जात नाही. पुढच्या सुट्टीत मालकांनी मला हे सगळं सांगितलं आणि पोरीच्या डोक्यावर मला हात ठेवायला लावला, की आप्पांना यातलं एक अक्षर कळता कामा नये.

दुसरी फीत कशीबशी टिकली, पण तिसरी लागेना. दरवर्षी बढतीची यादी निघायची, आणि दरवर्षी कोरा कागद असलेला कुणीतरी पुढं जायचा. मालकांनी ज्यांना बंदूक धरायला शिकवलं ती पोरं हवालदार झाली आणि मालक त्यांना सलाम ठोकायला लागले. तोवर वडवणीत एसटीडीची पिवळी पाटी लागली होती. यादी निघाली की मालक तिथं फोन करायचे, मी बाजाराच्या दिवशी जाऊन घ्यायची, आणि ते म्हणायचे, यंदा नाही. घरी आल्यावर सासरे विचारायचे, यंदा? मी म्हणायची, फौजेत नंबर लागावा लागतो, मामा. आणि आत जाऊन भांडी आपटायची. त्या नऊ वर्षांत मी किती भांड्यांना पोचे पाडले ते सासूबाईंना विचारा.

नवव्या वर्षी मालक सुट्टीवर आले ते तोंड पाडूनच. नायकाची जेवढी नोकरी असते ती त्यांची संपत आली होती. एका वर्षात हवालदार झाले तर पुढं नोकरी, नाहीतर ट्रंक घेऊन कायमचं घरी. नवीन साहेब भला माणूस होता. त्यानं सांगितलं होतं, की एक अर्ज कर, आणि रजा वाढवायची तार तू वेळेत लिहून दिली होतीस याचा पुरावा आण. पुरावा एकच होता. सासऱ्यांनी स्टँपपेपरवर लिहून द्यायचं, की मुलानं तार दिली होती, मी केली नाही.

मालक म्हणाले, मी आप्पांना विचारणार नाही. घरी येईन, दुकानात साखर जोखीन.

मी म्हणलं, साखर जोखणारा चेहरा हाय का तो? पलटणीचं नाव काढलं की ज्याची मान ताठ होते, तो माणूस पुड्या बांधणार! लई बोलले मी. शेवटी सांगितलं, तुमी न्हाई सांगत तर मी सांगते. ते म्हणाले, सांगितलंस तर माझ्याशी बोलू नको. मी म्हणलं, नाही बोलत.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मालक पोरीला घेऊन लिंबागणेशला दर्शनाला गेले आणि मी पदर खोचून दुकानात गेले. सासरे शेंगदाण्याच्या पुड्या बांधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कोठडी, लाल शाई, नऊ वर्षं, स्टँपपेपर. माझं तोंड थांबलं नाही. सासऱ्यांनी हातातली पुडी बांधून पुरी केली. मग त्यांनी हात धुतले, टोपी घातली, भर दिवसा दुकानाच्या फळ्या लावल्या आणि मला म्हणाले, चल बीडला.

कोर्टाबाहेर लिंबाखाली एक टाइप करणारा बसायचा. सासऱ्यांनी त्याला हकीकत सांगितली. तो सराईत माणूस. म्हणाला, काका, त्या दिवशी तारेची लाइन बंद होती असं लिहू, तुमच्यावर काही येत नाही आणि दिसायलाही बरं दिसतं.

सासरे म्हणाले, "लाइन चालू होती. मीच केली न्हाई. तसंच लिही."

संध्याकाळी तो कागद मी मालकांच्या ट्रंकेत वर ठेवला. त्यांनी बघितला, वाचला, आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आप्पांच्या समोरून जाताना नजर वर करेनात. पण सुट्टी संपल्यावर कागद घेऊन गेले. मग मी पण ठरवलं की आपण आपलं काम केलं, आता जे व्हायचं ते होईल. असं म्हणायचं आणि रोज महादेवापुढं उभं राहायचं.

सहा-सात महिन्यांनी बाजाराच्या दिवशी फोन आला. मालक एवढंच म्हणाले, झालं. मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून रडले. बाहेरच्या माणसाला वाटलं कुणी गेलं बिलं. मी त्याला म्हणलं, अहो, माझा नवरा हवालदार झाला. सासऱ्यांनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

साहेबानं मालकांना एकच विचारलं होतं म्हणे, की हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस. मालक म्हणाले, बापाचं नाव कसं घ्यायचं साहेब, चांगल्या मनानं केलं होतं त्यांनी.

पुढच्या सुट्टीत मालक आले ते तीन फिती लावून. दुपारी बापलेक जेवायला बसले. मी भाकरी थापत होते. मालकांनी मान खाली घालूनच विषय काढला. म्हणाले, आप्पा, त्या दिवशी तुम्हाला एकदम कळलं, लई लागलं असंल. मी हिला नको म्हणलं होतं.

सासरे म्हणाले, "मला त्या दिवशी न्हाई कळलं. तू पलटणीत पोचायच्या आधीच पोलीस दुकानात येऊन गेलता."

माझी भाकरी तव्यावर करपली. झालं असं होतं, की मालक वेळेत हजर झाले नाहीत म्हणून पलटणीनं बीडच्या पोलिसांना कागद पाठवला होता. एक शिपाई सायकलवर आमच्या दुकानात आला. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला, मुलगा कालच गेला म्हणून सांगितलं, आणि आपल्या कार्डानं काय घोळ केला ते तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

मालकांनी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"वाट बघत होतो," सासरे म्हणाले. "तू येशील, भांडशील, मग मी माफी मागीन म्हणलं. तू आलास की माझे पाय चेपायला बसायचास. मग तोंडच उघडंना."

मालकांनी ताट सरकवलं आणि उठले. बापापुढं ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता ते माझे मालक त्या दिवशी ओरडले. एक तार होती आप्पा, एक तार. चौदा दिवस कोठडीत काढले. नऊ वर्षं पोरांना सलाम ठोकले. आणि तुम्ही ठाऊक असून हिला दरवर्षी विचारता, यंदा? आवाज गल्लीत जात होता. सासूबाई मधे पडायला निघाल्या तर मीच त्यांचा हात धरला. सासरे भिंतीला टेकून, मान खाली घालून बसले होते आणि प्रत्येक वाक्याला हळूच म्हणत होते, हां, खरं हाय. मी देवाशप्पथ सांगते, त्यांचा चेहरा हलका होत चालला होता.

मालकांचा दम संपला. ते तसेच उभे राहिले.

"अजून हाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग बस. जेव."

मालक बसले. मी करपलेली भाकरी बाजूला ठेवून दोघांच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि दोघांनी ती खाल्ली.