मशिनीची ओटी

कराडहून सांगलीला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. खिडकीची काच खडखडत होती. त्याने तिकिटाची घडी करून फटीत बसवली, आवाज थांबल्यावर स्वतःशीच मान डोलावली. पुढच्या बाकावर दोघांची जुंपली होती. मोटारींचे कारखाने परदेशात का जातात? एक म्हणे युनियनमुळे, दुसरा म्हणे टॅक्समुळे.

“आमचाबी गेला,” हा मध्येच म्हणाला. मला वाटलं, झालं, आता हाही भांडणार. पण तो शांतपणे सांगत राहिला. “लय वर्सं एकाच मशिनीवर गाडीचं दरवाजं काढलं मी. ती पेटीत भरायच्या आदी आमी तिला पुसली, तेल घातलं, कुकू लावलं आन् खणानारळानं ओटी भरली. सायेब हसला. हसू दे की.”

“तुमच्याच कामात काहीतरी खोट असणार, त्याशिवाय कंपनी जातीय व्हय?” पुढचा म्हणाला.

तो ताठ झाला.

“लेक सासरला जाती, ती काय माहेर वंगाळ म्हणून?”

तो इस्लामपूरला उतरला. काच मात्र सांगलीपर्यंत एकदाही खडखडली नाही.