सॉरी वरून खाली येते

डाकबंगल्यात माणूस दोन दिवस राहतो अन् जातो, त्याची गोष्ट मात्र राहते. मोताळ्याच्या डाकबंगल्यावर मी चौकीदार होतो. सकाळी झाडू मारताना वाटायचं, केर निघतो, पण गोष्टी काही निघत नाहीत, कोपऱ्यात साचतच जातात. त्यातल्या सॉरीच्या गोष्टी आठवल्या की या वयातही घास गोड लागत नाही. मी तसा शांत माणूस आहे.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले आणि जंगलखात्याचा गोरा साहेब वर्षातून दोनदा मुक्कामाला येई. त्याच्याच तोंडून आम्ही हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

*

आमचा पाणक्या धोंडी कावड घेऊन येत होता. साहेबानं घोडा वळवला, घोड्याचा धक्का लागला, दोन्ही मडकी फुटली. साहेब वरूनच म्हणाला, "सॉरी."

धोंडी दुपारपर्यंत व्हरांड्याखाली उभा. आमचे खानसामा करीमभाई म्हणाले, "काऊन बे, उभा काऊन?"

"साहेब कायतरी देतो म्हणाले न."

"अबे, सॉरी देत नसतात. नुसती म्हणतात."

"अन् मडकी?"

"मडकी तुही. सॉरी त्याची."

*

बंगल्यामागं सखूबाई राहायची. साहेबाच्या कुत्र्यानं तिची अंड्यावरची कोंबडी मारली. ती मेलेली कोंबडी घेऊन पायरीशी आली. साहेब सॉरी म्हणाला अन् पेपर वाचायला लागला. त्याच्या कारकुनानं समजावलं, "साहेबाले वाईट वाटलं, बाई."

"वाईट त्याले वाटलं अन् कोंबडी माही गेली?"

"तुले इंग्रजीत माफी भेटली. अजून काय पाह्यजे?"

सखूबाई म्हणाली, "मराठीत कोंबडी पाह्यजे."

*

एकदा करीमभाईंच्या हातून कप निसटला. त्यांनी साहेबाचंच ऐकलेलं म्हटलं, "सॉरी, साब."

साहेब लालबुंद झाला. उद्धट म्हणाला, दोन दिवस त्यांना समोर येऊ दिलं नाही. आम्हाला कळेना, शब्द तर तोच होता. कारकून हळूच म्हणाला, "करीमभाई, तो पाण्यासारखा शब्द आहे. वरून खाली येते. खालून वर जात नाही."

*

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. मुक्काम हलवताना प्रत्येक साहेब खानसाम्याला कागद लिहून देई: माणूस इमानदार आहे, हाताला चव आहे. करीमभाईंकडे असं एक पुडकं होतं. त्यात त्यांच्या वडिलांच्याही चिठ्ठ्या होत्या. त्या दाखवल्याशिवाय कोणत्याच बंगल्यावर खानसाम्याला कोणी उभं करत नसे.

एका साली जंगलसाहेबाचं घड्याळ हरवलं. त्यानं करीमभाईंना चोर म्हटलं. करीमभाईंनी पुडकं पुढं केलं, म्हणाले, "हुजूर, पढ़ लो." साहेबानं ते घेतलं, स्वयंपाकघरात गेला अन् चुलीत टाकलं. बापलेकांचं सारं इमान वरण शिजेपर्यंतही पुरलं नाही.

संध्याकाळी घड्याळ सापडलं. साहेबाच्याच शिकारीच्या कोटात, फाटक्या अस्तरात. साहेबानं ते कानाला लावलं, चालू आहे का पाहिलं. मग करीमभाईंकडे बघून म्हणाला, "सॉरी."

करीमभाई म्हणाले, "एक चिठ्ठी लिखो हुजूर. चोर नहीं, इतनाच."

कारकुनानं त्यांना बाजूला ओढलं. "साहेब सॉरी म्हणाले न. मोठ्या माणसाले दोनदा बोलायले लावू नये."

*

दुसऱ्या दिवशी करीमभाई मला घेऊन शाळेच्या मास्तरांकडे गेले. म्हणाले, "मास्तर, या शब्दाचा माल काय आहे, सांगा."

मास्तरांनी जाडजूड कोश काढला. "इंग्रजीत दुःखाला सॉरो म्हणतात. लोकांना वाटतं सॉरी त्याची बहीण. तोंडावळा सारखा, पण कूळ वेगळं. सॉरी निघाली सोअर या शब्दापासून. सोअर म्हणजे दुखरी जागा. मूळ अर्थ बघाल तर, मला ठणकतंय."

"ठणकतंय? कोणाले?"

"म्हणणाऱ्याला."

करीमभाईंनी कोश आपणच मिटला. मग म्हणाले, "अन् आपण त्याले विचारलंही नाही."

*

करीमभाईंची नोकरी नंतर सुटलीच. नवा साहेब आला, चिठ्ठ्या मागितल्या, नव्हत्या. मेहकरपर्यंत बंगले पालथे घातले, सगळीकडे तेच. म्हातारपणी मोताळ्याच्या बाजारात भजी तळत.

पण त्या मुक्कामाहून जंगलसाहेब निघाला त्या सकाळी मी फाटक उघडून उभा होतो. सामान बैलगाडीवर चढलं होतं. करीमभाई स्वच्छ अंगरखा घालून स्वयंपाकघरातून आले. हातात तेलात गरम केलेली हळद, वाटीतून वाफ निघत होती. दुसऱ्या हातात चिंधी. ते व्हरांड्यात साहेबाच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"हुजूर, कहाँ दुखता है?"

साहेब म्हणाला, "क्या?"

"उस दिन आपने सॉरी बोला. बताओ, हल्दी लगाता."

कारकून पुढं धावला, साहेबानं हातानं थांबवलं. त्याला गंमत वाटली असावी. हसून म्हणाला, "हमको किधर भी नहीं दुखता."

करीमभाईंनी वाटी खाली ठेवली.

"तो हुजूर, इतनाच लिख के दे दो."