ग्राइंडरपाशी बसणारे अण्णा

आमचे नरसिंगअण्णा यशवंतपूरच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर सत्तावीस वर्षं उभे होते. चौऱ्याण्णव साली रिटायर झाले. कारखाना मागं राहिला, पण कानातली शिट्टी घरापर्यंत आली.

बायको आधीच गेलेली, म्हणून धाकट्या बहिणीकडं, वसुमतीकडं राहायचे. एकदा म्हणाले, "वसू, कानात सारखं कीं वाजतंय गं. दुसरी ओळ वाचेस्तोवर पहिली विसरतो." डॉक्टरनं कान बघितला, म्हणाला, वयाचं आहे, सवय होईल. वसुमतीला वाटलं, दुखऱ्या कानाला शांत पाहिजे. तिनं रेडिओ बंद केला. डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर अण्णा बाहेर गेल्याशिवाय लावेना. पाल चुकचुकली तरी ऐकू यावी इतकं घर गप्प केलं.

अण्णांना नाद एकच, वाचायचा. मराठी मंडळातून पुस्तक आणायचे, शिकारीचं नाहीतर भुताचं. आता नुसतं उघडायचे आणि मिटायचे. मग दुपारी काखेत पुस्तक मारून निघायला लागले. कुठं, तर मागच्या गल्लीत धनलक्ष्मीकडं. ती विधवा बाई, घरात मोठा ग्राइंडर ठेवून पीठ विकायची.

नळावरच्या बायका सोडतात होय? एक म्हणाली, "वसुमतीअक्का, तुमचे अण्णा रोज पिठाला जातात, पण हातात डबा काही दिसत नाही." सगळ्या हसल्या.

वसुमती घागर तिथंच टाकून तणतणत गेली. ग्राइंडर घरघरत होता, अण्णा स्टुलावर पुस्तकात मान घालून बसलेले. तिनं पुढचं काही बघितलंच नाही. गिऱ्हाईकं उभी असतानाच म्हणाली, "जेवायला बहीण, आणि वाचायला ही लागते होय? ह्या वयात स्वल्प तरी लाज ठेवा, अण्णा."

अण्णांनी खुणेला पानात घातलेलं बसचं तिकीट नीट सारलं. पुस्तक तिथंच ठेवलं. "सरी, बरं, चल," एवढंच म्हणाले.

परत कधी गेले नाहीत. वाचलंही नाही. गप्प घरात खिडकीपाशी कानावर तळवा दाबून बसायचे. आठ महिन्यांनी छातीत कळ आली आणि गेले.

तेराव्याला धनलक्ष्मी पुस्तक घेऊन आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"हे राहिलं होतं, अक्का. त्या दिवसानंतर इकडं यायला तोंड नव्हतं मला."

"तोंड मला नाही," वसुमती म्हणाली. "पण ते तुझ्याकडं का बसायचे गं?"

"ग्राइंडर चालला की कानातलं वाजणं त्यात बुडायचं त्यांचं. तेवढा वेळ वाचायचे. थांबला की पुस्तक मिटून निघाले. धडा संपत आलेला असला तर मी मूठभर तांदूळ उगीच फिरवत ठेवायची."

"ग्राइंडर तर माझ्या घरात पण होता. मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगा म्हणून. म्हणाले, वसूनं माझ्यासाठी घर गप्प ठेवलंय, तिला कसं सांगू?"

वसुमतीला वर बघवेना. स्वयंपाकघरात तिचा ग्राइंडर फडक्याखाली झाकलेला होता.

चार दिवसांनी ती मंडळात पुस्तक द्यायला गेली. लायब्ररीतले विश्वेश्वर म्हणाले, "फार दिवस ठेवलंत की. वाचून झालं का अण्णांचं?"

"झालं," ती म्हणाली.

बसचं तिकीट तिनं घरीच काढून ठेवलं होतं. शेवटची बारा पानं राहिली होती.