बाळंतिणीकडं पाठ

सुनेसाठी शिरा करायला घेतला, भाजल्या पिठाचा अन् गुळाचा वास सुटला, की मी शिरड शहापुरातल्या आमच्या कडब्याच्या गंजीशी जाऊन पोचते.

तेव्हा मी नवी सून, पहिल्यांदाच पोटुशी. गंजीच्या आडोशाला गल्लीतली तांबडी कुत्री व्यालेली. पिलांना सोडून उठेना, खाईना. दूध आटलं, पिलं केकाटायला लागली. मी ताटली सरकवली तर अंगावर आली.

सासूबाईंनी शिरा निववून तिच्यापुढं ठेवला अन् तिच्याकडं पाठ करून बसल्या.

"तू बी पाठ कर पोरी. बाळंतिणीच्या घासावर नजर न्हाई टाकायची."

"कुत्री हाय ना ती?"

"मग काय, बाळंतीण न्हाई व्हय?"

रस्त्याकडं तोंड करून आम्ही दोघी बसलो. बऱ्याच वेळानं मागून लपलप आवाज आला. या घरात माझं बाळंतपण नीट होणार, हे मला तिथंच कळलं.

तेव्हा वाटलं, हा नजर लागण्याचा धाक. पण पाठ करून बसलेलं माणूस आपल्या राखणीला बसलंय, हे त्या कुत्रीनं माझ्याआधी ओळखलं होतं.

आता नातू मांडीवर घेऊन मी दाराकडं तोंड करून बसते. मागं वाटीत चमचा वाजेपर्यंत वळत नाही.